जुन्या क्लबचा गोल्फ कोर्स रिनोव्हेट करायचा तर आधी ऊन-पाणी बघा, डिझाईनवर नंतर भांडा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीतल्या एका जुन्या खाजगी क्लबचे मेंबर आहात, कोर्स १९२० च्या दशकातला, स्कोअरकार्डवर डोनाल्ड रॉस या त्या काळातल्या नामांकित कोर्स-आर्किटेक्टचं नाव, आणि सध्या क्लबात सरळ दोन तट पडलेत. ग्रीन कमिटी (कोर्सची देखभाल बघणारी) म्हणते हजारभर झाडं काढा, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे जुन्या नकाशाप्रमाणे परत बांधा, ग्रीन्स (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) मोठी करा. दुसरा गट म्हणतो झाडांना हात लावायचा नाही, आणि एवढे पैसे घालायचेच असतील तर कोर्स लांब करा आणि ज्या तीन ग्रीन्सवर बॉल थांबतच नाही ती सपाट करून टाका. दोघंही ओकमाँट या प्रसिद्ध क्लबचा दाखला देतात, एक जण चांगलं म्हणून, दुसरा वाईट म्हणून. मार्चमध्ये मतदान आहे, प्रत्येक मेंबरवर मोठी असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, बसणार आहे, आणि तुम्ही विचारलंय की नक्की बरोबर कोण.

मी राहुरीला ॲग्री केलं, मग इकडे अमेरिकेत येऊन टर्फ, म्हणजे मैदानाच्या गवताचं शास्त्र, शिकलो, बरीच वर्षं सुपरिंटेंडंट (कोर्सची देखभाल सांभाळणारा) होतो आणि आता क्लबांना सल्ला देतो, त्यामुळे अशा मीटिंगांमध्ये माझं आयुष्य गेलंय असं म्हटलं तरी चालेल. माझं स्पष्ट मत आहे की कमिटीचा मुद्दा बराचसा बरोबर आहे पण ती तो चुकीच्या टोकाकडून मांडतेय, आणि ग्रीन सपाट करायची मागणी मात्र अजिबात मान्य करू नका. आता सविस्तर सांगतो, लांब होईल, पण विषयच तसा आहे.

ओकमाँटपासूनच सुरू करू कारण सगळे तिथेच जातात आणि अर्धीच गोष्ट सांगतात. पिट्सबर्गजवळचा हा क्लब हेन्री फाऊन्स या पोलादवाल्या उद्योजकाने १९०३ मध्ये काढला आणि कोर्सही त्यानेच आखला. जागा म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेली उघडी शेतजमीन, झाडं जवळजवळ नव्हतीच. पुढे त्याच्या मुलाने, डब्ल्यू. सी. फाऊन्सने (हा स्वतः १९१० चा यूएस अमॅच्युअर विजेता) आणि ग्रीनकीपर एमिल लोफलरने मिळून तो कोर्स वर्षानुवर्षं जास्तीत जास्त कठोर करत नेला, बंकरमध्ये नांगरटीसारख्या खोल सऱ्या पाडणारे जड दाताळे वापरायचे, ग्रीन्स त्या काळात कोणी केली नसतील इतकी फास्ट. हे लक्षात घ्या की त्या सगळ्या डिझाईनचा पाया उघड्या माळावर होता. वारा, लांबवर दिसणारे झेंडे, जमिनीचे उतार, हेच त्याचं भांडवल.

मग १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या क्लबांना झाडांची हौस आली. ओकमाँटलाही आली. कोणाला कोर्स उघडाबोडका, कुरूप वाटायला लागला, आणि सुशोभीकरण म्हणून हजारो झाडं लावली गेली, फेअरवे म्हणजे खेळायच्या मुख्य गवताळ पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी ओळीने. लावताना ती कमरेएवढी असतात, कोणाला त्रास होत नाही. तीस वर्षांनी तीच झाडं ग्रीनवरचं सकाळचं ऊन खातात, हवा अडवतात, बंकरच्या पुढे फांद्या आणतात आणि मग फाऊन्सने विचार करून टाकलेला बंकर नुसता शोभेला उरतो कारण त्याच्या आधी झाडच खेळाडूला अडवतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ग्राउंड्स कमिटीने आणि सुपरिंटेंडंटने झाडं काढायला सुरुवात केली, आणि ती कशी, तर पहाटे अंधारात. मेंबर यायच्या आधी झाड पाडायचं, ओंडके उचलायचे, बुंधा काढून खड्डा भरायचा, वर लॉनचे तुकडे बसवायचे, भुसासुद्धा झाडून न्यायचा. बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा क्लबात मोठं भांडण झालं, मेंबर-मेंबर फाटले. तरी काम थांबलं नाही. २००७ च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेपर्यंत हजारो झाडं गेलेली होती, नंतर अजून गेली, आणि आज क्लबहाऊसच्या व्हरांड्यातून जवळपास अख्खा कोर्स दिसतो. २०२३ मध्ये गिल हान्स या आर्किटेक्टने जुन्या फोटोंवरून बंकर आणि ग्रीन्सच्या कडाही परत केल्या.

आता तुमच्याकडचा जो गट म्हणतो की झाडं काढली की कोर्स सोपा होतो, त्यांना फक्त आकडे दाखवा. १९९४ ला झाडं अजून बऱ्यापैकी उभी असताना यूएस ओपनमध्ये तिघं जण पाच अंडर पारवर (पार म्हणजे ठरलेले शॉट, अंडर म्हणजे त्याहून कमी, ओव्हर म्हणजे जास्त) बरोबरीत आले आणि एर्नी एल्सने प्लेऑफ जिंकला. २००७ ला झाडं नसताना आन्हेल काब्रेरा पाच ओव्हर पारवर जिंकला. २०२५ ला तर संपूर्ण फील्डमध्ये एकटा जे. जे. स्पॉन अंडर पार राहिला, तोही एकच शॉट. हवामान, रफ (कडेचं उंच गवत), पिन (भोकाची जागा) या सगळ्याचा वाटा असतो हे मान्य, पण झाडं म्हणजेच कोर्सचं संरक्षण हे म्हणणं तिथे टिकत नाही एवढं नक्की.

पण कमिटीलाही माझं सांगणं आहे. ओकमाँटने जे केलं ते त्या जमिनीसाठी योग्य होतं असं मी मनापासून मानतो, ज्या पद्धतीने केलं ती मात्र उचलू नका. अंधारात केलेल्या कामाचा राग वर्षानुवर्षं राहतो, आणि ओकमाँटला तो परवडला कारण त्यांच्याकडे परत परत येणारी यूएस ओपन होती, तुमच्या क्लबकडे ती नाही. तुमच्या क्लबकडे आहेत फक्त मेंबर, आणि तेच बिल भरणार आहेत. दुसरं म्हणजे तुमची जमीन मुळात माळ होती का जंगल होतं हे आधी शोधा. रॉसचे कितीतरी कोर्स जंगल कापून काढलेले आहेत, तिथे फेअरवेमागे झाडांची भिंत ही मूळचीच गोष्ट आहे, तिथे ओकमाँट करायला जाणं म्हणजे रॉसच्या नावाखाली दुसरंच काही करणं.

आता झाडांचा खरा मुद्दा, जो तुमच्या टाऊन हॉल मीटिंगमध्ये कोणी मांडलेला दिसत नाही. सगळे दिसण्यावर बोलतायत. सुंदर दिसतं का नाही यावर चारशे मेंबरांची चारशे मतं असणार आणि ती सगळी खरीच असणार. मोजता येणाऱ्या गोष्टीवर या. तुमच्या ग्रीन्स पोआ आणि बेंट या दोन गवतांच्या मिश्र आहेत म्हणता, म्हणजे त्यांना दिवसाला सहा ते आठ तास तरी थेट ऊन पाहिजे, आणि त्यातही सकाळचं जास्त मोलाचं. सकाळी ऊन मिळालं की दव लवकर उडतं, पान कोरडं होतं, बुरशीला वेळ मिळत नाही, आणि दुपारच्या उकाड्याने गवत मंदावण्याआधीच ते आपलं अन्न बनवून घेतं. त्यामुळे ग्रीनच्या पूर्वेला आणि आग्नेयेला उभं असलेलं एक झाड पश्चिमेच्या दहा झाडांपेक्षा जास्त नुकसान करतं. हिवाळ्यात आणखी एक भानगड असते, दक्षिणेच्या सदाहरित झाडांची लांब सावली पडून बर्फ वितळत नाही, वितळलेलं पाणी परत गोठतं आणि पोआ मार्चमध्ये पिवळी पडून मरते. मग एप्रिलमध्ये मेंबर विचारतात अमुक नंबरच्या ग्रीनला काय झालं. झालं ते सावलीने झालं.

तर तुमच्या सुपरिंटेंडंटला सांगा की प्रत्येक ग्रीनवर उभं राहून सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या ॲपने नोंद करा, २१ जूनला किती तास आणि २१ डिसेंबरला किती तास, कोणत्या झाडामुळे किती कमी. त्याच्या शेजारी जुलैमध्ये काढलेल्या मुळांच्या नमुन्याचे फोटो लावा. चांगल्या उन्हातल्या ग्रीनची मुळं बोटभर खाली गेलेली असतात आणि सावलीतल्या ग्रीनची नखभर, हे समोरासमोर ठेवलं की बोलावंच लागत नाही. माझा अनुभव असा की हजार झाडं म्हटली की लोक उठून उभे राहतात, पण ही बावीस झाडं या सहा ग्रीन्सना मारतायत असं म्हटलं की तेच लोक खाली बसून ऐकतात. आणि खरं सांगायचं तर पहिल्या टप्प्यात बहुतेक क्लबांना तेवढीच काढायची असतात. त्यानंतर खेळाच्या रेषेत आलेली, मग रोगट आणि परकी, पन्नास वर्षांपूर्वी घाईत लावलेली पाइनं आणि स्प्रूस. जे जुने ओक खरोखर देखणे आहेत ते या गर्दीत गुदमरलेले असतात, आजूबाजूचं काढलं की तेच पहिल्यांदा नीट दिसतात, आणि झाडंप्रेमी मेंबरांना ही गोष्ट प्रत्यक्ष नेऊन दाखवा कारण त्यांचा जीव खराच त्या झाडांत असतो, तो खोटा नाही.

तोड हिवाळ्यात करा, जमीन गोठलेली असताना, म्हणजे जड मशीनने फेअरवे दबत नाही. ओकच्या फांद्या एप्रिल ते जुलै तोडू नका, ओक विल्ट नावाचा रोग ताज्या जखमेवर येणाऱ्या किड्यांमार्फत पसरतो. आणि टाउनशिपचा ट्री ऑर्डिनन्स आहे का ते आधी बघा, न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. आपल्याकडे महाराष्ट्रात तर १९७५ चा झाडं जतन करायचा कायदाच आहे, शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईचे क्लबवाले मित्र जेव्हा मला ओकमाँटबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो की तुमची वाट वेगळी आहे, छाटणी, योग्य जागी नवीन लागवड आणि ग्रीनची जागा थोडी सरकवणं. आणि तिकडचं बर्म्युडा गवत तर सावली बेंटपेक्षाही कमी सहन करतं, वर चार महिने पाऊस, त्यामुळे प्रश्न तोच आणि जास्त तीव्र.

आता नकाशांकडे. कमिटी म्हणते मूळ रॉस परत आणा. फार छान, पण मूळ कोणतं? कागदावरचं का जमिनीवरचं? हा किस काढणं नाहीये, याच्यावर तुमच्या निम्म्या बजेटचा फरक पडेल. फिलाडेल्फियाजवळच्या ॲरोनिमिंकचं उदाहरण बघा. रॉसचा कोर्स, १९२८ ला उघडला. २००० नंतर तिथे रॉन प्रिचर्ड या आर्किटेक्टने रॉसच्या हाताच्या ड्रॉइंगप्रमाणे बंकर परत केले, एका जागी एक मोठा बंकर असं. सगळे खूश. मग १९२९ च्या सुमाराचे विमानातून काढलेले फोटो नीट बघितले तर दिसलं की प्रत्यक्षात बांधताना त्या एका बंकरच्या जागी दोन-तीन-चार छोट्या बंकरांचे घोळके केलेले होते, बहुधा रॉसच्या फिलाडेल्फियातल्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली. मग गिल हान्स आला, २०१६-१७ मध्ये त्या फोटोंप्रमाणे परत काम झालं आणि बंकरांची संख्या सत्तरीच्या घरातून एकशे सत्तरच्या वर गेली. एकाच क्लबात पंधरा-सोळा वर्षांत दोन रिस्टोरेशन, दोन्ही प्रामाणिक, दोन्ही रॉसच्या नावाने, आणि दोन वेगळे कोर्स.

रॉसच्या नावावर चारशेच्या आसपास कोर्स आहेत. इतके कोर्स एका माणसाने स्वतः उभं राहून बांधणं त्या काळातल्या रेल्वेच्या प्रवासात शक्यच नव्हतं, काही ठिकाणी तो एक-दोनदा गेला, काही ठिकाणी टोपोग्राफीच्या नकाशावरून नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्टला, जिथे तो राहायचा, बसून आखलं आणि बाकी सहकाऱ्यांनी आणि स्थानिक फोरमनने जमिनीवर उतरवलं. म्हणून ड्रॉइंग हा हेतू आहे आणि फोटो हा पुरावा आहे, आणि दोन्ही गोळा केल्याशिवाय आर्किटेक्टला बोलवूच नका. पाइनहर्स्टच्या टफ्ट्स आर्काइव्ह्जमध्ये रॉसचे कागद आहेत, तिथे पत्र टाका. तुमच्या बाजूचे जुने एरियल फोटो डेलावेअरच्या हॅगली लायब्ररीत डॅलिनच्या संग्रहात मिळण्याची शक्यता आहे, १९२४ ते ४१ च्या दरम्यानचे आहेत, शिवाय १९३० च्या दशकातले सरकारी एरियल फोटो नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. क्लबच्या माळ्यावरच्या खोक्यांत जुनी मिनिट्स आणि स्पर्धांचे फोटो हमखास असतात, एखाद्या निवृत्त मेंबरला हे काम द्या, आनंदाने करतो.

पुरावा मिळाला म्हणजे सगळं तसंच बांधलं पाहिजे असंही नाही हं. बंकर वाढवणं म्हणजे हाताने ओढायचे दाताळे वाढवणं, म्हणजे माणसं वाढवणं. ॲरोनिमिंकचं बजेट वेगळं आहे. तुमच्या क्लबला माझा सल्ला, जे बंकर खेळाचा निर्णय बदलतात ते परत आणा, टी पासून (जिथून पहिला शॉट मारतात) ऐंशी यार्डांवरचे जे फक्त जास्त हँडिकॅपवाल्यांना, म्हणजे कच्च्या खेळाडूंना, शिक्षा करायचे ते गवताचे खळगे म्हणून ठेवा. मातीचा आकार राहतो, खर्च राहत नाही, आणि पुढच्या पिढीला वाटलं तर वाळू भरायला जागा तयार असते.

ओक हिलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या क्लबात १९७० च्या दशकात दोन होल्स बदलली म्हणालात म्हणून सांगतो. रॉचेस्टरचा तो ईस्ट कोर्स रॉसचा, १९२६ चा. १९८० च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या आधी जॉर्ज आणि टॉम फाझिओ या आर्किटेक्टांनी तिथली काही होल्स नव्याने केली, त्यात सहावं पार ३. हे तेच होल जिथे १९८९ च्या यूएस ओपनमध्ये एकाच सकाळी दोन तासांच्या आत चार जणांनी होल-इन-वन (पहिल्याच शॉटला बॉल भोकात) मारले. आता विचार करा, एवढा इतिहास घडलेलं होल पाडायचं म्हटल्यावर क्लबात काय चर्चा झाली असेल. तरी अँड्र्यू ग्रीन या आर्किटेक्टने २०२० पर्यंत ते काम पूर्ण केलं, पाचवं, सहावं, पंधरावं रॉसच्या धाटणीत परत आलं, आणि २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप ब्रुक्स केप्का तिथे जिंकला. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण ती तीन होल्स बाकी पंधरांशी बोलत नव्हती, ग्रीनचा आकार वेगळा, तळ्याच्या कडा वेगळ्या, चालताना पाय अडखळावा तसं व्हायचं. पण हा निकष तुमच्या दोन होल्सना लावून बघा, आंधळेपणाने नको. १९७० नंतर आलेलं ते सगळं वाईट असं नसतं. जर त्यातलं एखादं होल बाकीच्या कोर्समध्ये मिसळून गेलं असेल, निचरा चांगला असेल आणि मेंबरांचं लाडकं असेल तर राहू द्या, रॉस काही रागावणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ती तीन ग्रीन्स. इथे मी कोणाचंही मन राखणार नाही. सपाट करू नका.

कारण समजून घ्या. तुमच्या ग्रीन्स ज्या काळात बांधल्या त्या काळात बॉल आजच्या मानाने निम्म्या वेगाने धावायचा. स्टिम्पमीटर हे वेग मोजायचं साधन (त्यावरून सोडलेला बॉल किती फूट जातो ते बघतात), त्याची गोष्टसुद्धा ओकमाँटचीच आहे, १९३५ च्या यूएस ओपनमध्ये तिथे बॉल ग्रीनवरून घरंगळून बंकरमध्ये जाताना बघून एडवर्ड स्टिम्पसनला वाटलं की हा वेग मोजता आला पाहिजे. यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फच्या नियामक संस्थेने १९७० च्या दशकाच्या शेवटी देशभर मोजणी केली तेव्हा सरासरी आली साडेसहा फूट. आज तुमचे मेंबर शनिवारी सकाळी अकरा-बारा मागतात. अकराच्या वेगाला साधारण तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतारावर पिन लावता येत नाही, बॉल थांबत नाही. आणि रॉसच्या ग्रीनमध्ये चार-पाच टक्क्यांचे उतार सर्रास असतात. म्हणजे ग्रीन बिघडलेली नाही, वेग बदललाय. शंभर वर्षं टिकलेला आकार एका स्पर्धेच्या हौसेपायी घालवायचा आणि दहा वर्षांनी कोणी म्हणालं आता तेरा पाहिजे तर परत बुलडोझर आणायचा, याला अंत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, त्या तीन ग्रीन्सच्या मूळ कडा शोधा. गवत कापणारा माणूस कडा चुकून खरवडली जाऊ नये म्हणून दर वेळी बोटभर आत कापतो, असं करत करत पन्नास-साठ वर्षांत ग्रीन सगळीकडून कित्येक फूट आक्रसते, चौकोनी कोपरे जातात आणि ग्रीन गोल अंड्यासारखी होते. गंमत म्हणजे, गेलेले कोपरेच बहुतेक वेळा सपाट असतात, तिथेच पिनच्या चांगल्या जागा होत्या. कडेच्या बाहेर रफमध्ये मातीचा उभा नमुना काढा, आत वर्षानुवर्षं टाकलेल्या वाळूचे थर दिसले तर तिथपर्यंत ग्रीन होती हे सिद्ध झालं. मग फक्त कापायची उंची हळूहळू खाली आणायची नाहीतर ग्रीनचंच गवत तिथे बसवायचं, ग्रीन फोडायची गरजच नाही. दुसरं म्हणजे बंकरलगतच्या कडा बघा, बंकरमधून उडालेली वाळू इतकी वर्षं तिथे साचून कड फूट-दीड फूट उंच झालेली असते, त्यामुळे उतार मूळपेक्षा जास्त तीव्र झालेला असतो आणि पाणीही अडतं. तेवढी उंची उतरवली की निम्मा प्रश्न सुटतो. हे करूनही एखादी ग्रीन खरंच खेळण्यालायक होत नसेल तर मागच्या एका भागात अगदी थोडा उतार कमी करा, लेझर स्कॅन करून, सेंटिमीटरच्या हिशोबाने, आणि बाकी आकार तसाच ठेवून. आणि वेग साडेनऊ-दहावर आणा. रोजच्या खेळाला तो भरपूर आहे, राउंडसुद्धा लवकर संपतो.

सगळ्या अठरा ग्रीन्स यूएसजीएच्या पद्धतीने नव्या बांधायच्या का, हाही तुमच्या कागदात मुद्दा आहे. ती पद्धत १९६० ची, खाली पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळूचं मिश्रण. उत्तम पद्धत आहे. पण जुन्या मातीच्या ग्रीन्स, ज्या आजूबाजूची माती वर ढकलून बनवल्या, त्यांना ऊन आणि हवा मिळाली आणि पाणी वरून वाहून जायला वाट असली तर त्या आजही सुंदर चालतात, आणि ग्रीन न फोडता अरुंद चर खणून आत पाइप टाकायचं तंत्र आता चांगलं रुळलंय, काही दिवसांत परत खेळता येतं. आधी ऊन द्या, दोन उन्हाळे बघा, मग ठरवा. फोडायचंच ठरलं तर आधी प्रत्येक ग्रीनचा स्कॅन घेऊन ठेवा, आणि बेंटची पेरणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच व्हायला हवी, ती खिडकी चुकली तर पुढचं अख्खं वर्ष हातातून जातं.

लांबी वाढवायची मागणी मी दोन वाक्यांत संपवतो. मागे नवीन टी बांधून खूश होणारे मेंबर तुमच्याकडे मूठभर असतील, जागा असेल तर तीन-चार छोट्या टी बांधा आणि विषय संपवा. मोठा अन्याय पुढच्या बाजूला चाललाय. तुमच्या क्लबात पुढच्या टीवरून कोर्स ५४०० यार्ड आहे म्हणता. जी बाई किंवा जे आजोबा ड्राइव्ह १४० यार्ड मारतात त्यांना हा कोर्स म्हणजे जवळजवळ प्रत्येक पार ४ वर तीन-तीन लांब शॉट. त्यांच्यासाठी ४२०० ते ४४०० च्या मधली टी पाहिजे, आणि ती फेअरवेत कुठेतरी दोन मार्कर ठोकून नको, नीट सपाट केलेली, बंकर-उतार लक्षात घेऊन जागा ठरवलेली खरी टी पाहिजे. ते लोक पूर्ण असेसमेंट भरतात. अख्ख्या मास्टर प्लॅनमध्ये सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त लोकांचं गोल्फ सुधारणारी गोष्ट हीच आहे आणि कमिटीत बसणारे बहुतेक सगळे मागच्या टीवरून खेळणारे असल्यामुळे ती यादीत शेवटी जाते, मला याचा खरंच त्रास होतो.

पैशाचं बोलायचं तर मेंबरांना सांगा की हा खर्च हौसेचा कमी आणि आयुष्य संपलेल्या वस्तूंचा जास्त आहे. बंकरमधली वाळू पाच ते सात वर्षं, तिच्याखालचे पाइप पाच ते दहा, पंप स्टेशन पंधरा-वीस, इरिगेशनचे पाइप दहा ते तीस, ग्रीन्स पंधरा ते तीस वर्षं, ही इंडस्ट्रीत सर्वमान्य असलेली आयुर्मानं आहेत. तुमचं इरिगेशन १९८० च्या दशकातलं आहे म्हणजे ते आजोबांच्या वयाचं झालं, ते बदलावंच लागणार, रिस्टोरेशन होवो न होवो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी झाडं, मग निचरा, मग इरिगेशन, मग बंकर आणि टी, आणि ग्रीनच्या कडा या सगळ्याच्या सोबत हळूहळू. पण बंकर आणि ग्रीनच्या जागा कागदावर पक्क्या झाल्याशिवाय इरिगेशनचे पाइप गाडू नका. आधी पाइप गाडून मग दोन वर्षांनी बंकर हलवले आणि नवे पाइप परत खणून काढले असं एका क्लबात मी डोळ्यांनी बघितलंय, मेंबरांनी एकाच कामाचे दोनदा पैसे दिले.

मतदानाबद्दल. मार्चमध्ये एकाच ठरावात सगळं ठेवलं तर ते पडेल, आणि पडलं तर पाच-सात वर्षं कोणी विषय काढणार नाही. माझा आग्रह असा की मार्चमध्ये फक्त तीन गोष्टी मंजूर करून घ्या. उन्हाच्या नोंदीवर आधारलेली पहिल्या टप्प्याची झाडं, नंबर घातलेल्या यादीसह, दोन ग्रीन्सवर कडा वाढवायचा प्रयोग, आणि आर्किटेक्टकडून मास्टर प्लॅन बनवून घ्यायची फी. यादीतल्या प्रत्येक झाडाला रंगीत फीत बांधा आणि शनिवारी सुपरिंटेंडंटने मेंबरांना घेऊन चालत जावं, ज्याला विरोध करायचाय त्याने त्या झाडाखाली उभं राहून करावा. सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्याला त्या फेरीला नक्की बोलवा.

आणि आर्किटेक्ट निवडताना मुलाखतीत त्याने तुमच्या कोर्सवर किती वेळ चालत घालवला ते विचारा. जो पहिल्याच भेटीत रंगीत चित्रं घेऊन येतो त्याच्यापेक्षा जो पावसात येऊन पाणी कुठे साचतं ते बघतो तो निवडा, शेपर (मशीनने मातीला आकार देणारा) कोण असणार आणि आर्किटेक्ट स्वतः साइटवर किती दिवस असणार हे करारात लिहून घ्या, कारण रॉसच्या काळात जे झालं तेच आजही होतं, कागद एकाचा असतो आणि हात दुसऱ्याचा. त्याने आधी केलेल्या क्लबांच्या कमिटीला फोन करू नका, तिथल्या सुपरिंटेंडंटला करा. काम संपून पाच वर्षं झालेल्या क्लबच्या सुपरिंटेंडंटला. बंकरच्या उभ्या कडा पावसात ढासळतात का, मोअर वळतो का, हे तोच सांगेल. तुमच्या ग्रीन्सचे उन्हाचे आकडे आणि मुळांचे फोटो आले की इथेच टाका, कोणत्या झाडापासून सुरुवात करायची ते आपण नंबरवार बघू.